देवनागरीची तिरपी जोडी: ऑब्लिक आणि इटॅलिकच्या कामाच्या नोंदी

आमच्या मजकुराच्या टाइपफेसची रेग्युलर आणि बोल्ड ही दोन सरळ वजनं (म्हणजे जाडीचे प्रकार) तयार आहेत. त्यांच्या तिरप्या जोड्या आम्ही पाच जण मिळून करतोय. दोघी देवनागरी काढतो (त्यातली एक मी), एक जण रोमन (इंग्रजीची अक्षरं) बघतो, एकीकडे स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) आहे आणि एकाकडे फाइली, स्क्रिप्ट, तपासणी. रविवारी दादरला बसतो. देवनागरीत असं काम हातात घेणाऱ्याला आयतं फारसं काही सापडत नाही, म्हणून काय बिघडलं आणि ते कसं सुधारलं, हे लिहून ठेवतेय.

१४ जानेवारी

एका दिवाळी अंकाच्या संपादक ताईंनी आमची सरळ वजनं वापरली आणि मग विचारलं, पत्रं, कवितेच्या ओळी आणि फोटोओळी कशात लावू? प्रश्न बरोबर होता. मुंबईतच घडलेल्या ‘मुक्ता’ या टाइपफेसची सात वजनं आहेत, त्यात तिरपं एकही नाही. र. कृ. जोशींनी केलेल्या ‘मंगल’लाही तिरपी जोडी नाही. मग डीटीपी करणारे सरळ फाँटलाच शिअर देतात, म्हणजे सरळ आकार संगणकानं नुसता तिरपा ढकलतात, आणि वाचकापुढे तेच जातं.

आज ठरलं ते असं. दोन वेगळ्या गोष्टी करायच्या. ऑब्लिक म्हणजे सरळ अक्षराचाच आकार, तिरपा करून नजरेला दुरुस्त केलेला. इटॅलिक म्हणजे हाताच्या वळणाकडे झुकलेले आकार. आधी ऑब्लिक पूर्ण करायचं, कारण इटॅलिकचा सांगाडा त्यातूनच निघेल.

२१ जानेवारी

रेग्युलर जसंच्या तसं १० अंशांनी शिअर केलं आणि १० पॉइंटात एक पानभर मजकूर छापला. दुरुस्ती कुठे लागणार हे दिसण्यासाठी हे कच्चं प्रूफ आधी काढायलाच हवं. चौघांनी वेगवेगळ्या रंगाच्या पेनांनी खुणा केल्या. सगळ्यात जास्त खुणा मात्रांवर पडल्या.

कारण गणितात आहे. १० अंशांचा स्पर्शक ०.१७६. उजवीकडे कललेली, ४५ अंशांची रेघ शिअरनंतर लांबते आणि सुमारे ८ टक्के बारीक होते. तिच्या उलट, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेघ आखूड होते आणि सुमारे ९ टक्के जाड होते. रोमनमध्येही हे होतं, पण आपला बोरू रोमनच्या टाकाच्या उलट कापतात. आपल्याकडे जी रेघ भरदार असायला हवी तीच बारीक झाली आणि नाजूक हवी ती फुगली. सगळ्या पानाचा काळेपणा पिठूळ झाला तो यामुळे.

२८ जानेवारी

आज फक्त ‘ते’, ‘मे’, ‘दे’, ‘तै’, ‘नौ’.

मात्रा डावीकडून वर सुरू होते आणि उतरत दंडाच्या (अक्षराच्या उभ्या रेघेच्या) डोक्यावर येते. शिअर दिला की दंड उजवीकडे झुकतो आणि मात्रा मात्र उभी राहू लागते. ४५ अंशांवरची मात्रा साडेपन्नास अंशांवर जाते, शिवाय जाड होते. ‘ते’मध्ये त झुकलेला आणि वर मात्रा ताठ. ‘नौ’मध्ये अशा दोन. मोठ्या आकारात हे सहज दिसतं. १० पॉइंटात ते वेगळं दिसत नाही, फक्त ओळीच्या वरच्या अंगाला काळे ठिपके पडल्यासारखे वाटतात, आणि वाचताना नजर अडखळते ती तिथे.

आधी आम्ही मात्रा फक्त बारीक केली. काळेपणा गेला, ताठपणा राहिला. मग तिचा कोन सरळ वजनातल्याइतकाच ठेवून पाहिला, म्हणजे मात्रा शिअरमधून वगळलीच. आता ती मागे पडल्यासारखी दिसली आणि दंडाशी सांधा तुटला. शेवटी मात्रेचं वरचं टोक शिअरच्या निम्मंच सरकवलं, खालचं टोक दंडाबरोबर पूर्ण नेलं आणि जाडी सरळ वजनातल्या आकड्यावर परत आणली. ‘ते’ बसला. ऐ आणि औच्या मात्रांत वरची मात्रा किंचित जास्त आडवी लागते, नाहीतर दोघींमधली फट वर रुंद दिसते.

हलन्ताचंही हेच. पाय मोडण्याची रेघ तशीच उतरती असते, तीही उभी राहते. ‘प्र’मधल्या रकाराचं उलट. ती रेघ आणखी आडवी होते, लांबते आणि पच्या पोटात डाव्या भिंतीला टेकते. ती आखूड करून जाडी परत भरली.

४ फेब्रुवारी

कोन ठरवायला ६, ८, १० आणि १२ अंशांच्या पट्ट्या छापल्या. मजकूर तोच, रोमन शब्द मध्येमध्ये पेरलेले.

त्याआधी लालबागला पेंटरकाकांकडे गेलो होतो. मंडळांचे फलक, दुकानांच्या पाट्या, सगळं हातानं केलेला माणूस. मी विचारलं, “काका, तिरपं लिहिताना आधी काय आखता?” ते म्हणाले, “आधी शिरोरेषा मार पोरी, मग बाकीचं बोल.” खडूनं शिरोरेषा, तिच्यावरून थोड्या थोड्या अंतरावर तिरप्या समांतर रेघा, आणि मग ब्रश. ‘सेवा’ लिहिताना त्यांची मात्रा त्या तिरप्या रेघांना जुमानत नव्हती. सच्या दंडावर येताना ती सरळ पाटीतल्यासारखीच आडवी आली. २८ तारखेला आम्ही ज्याच्याशी झगडत होतो ते त्यांच्या मनगटात होतं.

त्यांच्या पाटीवरचा कोन नंतर फोटोवरून मोजला. आमच्या १२ अंशांच्या पट्टीपेक्षाही जास्त. पाटीला ते शोभतं. परिच्छेदात १२ अंश चालत नाही, कारण मराठी ओळीत दंड आणि काने इतके असतात की कल पुन्हा पुन्हा नजरेवर येतो. रोमनमध्ये ओ, सी, ई अशी गोल अक्षरं मध्ये येऊन कल विसरायला लावतात. आमच्या डोळ्यांना ८ अंशांची देवनागरी आणि १० अंशांचं रोमन शेजारी ठेवल्यावर सारखे कललेले वाटले. तेच ठरवलं. यातून पुढे तांत्रिक कटकट निघणार हे फाइलीवाल्यानं तेव्हाच सांगितलं होतं, ती खाली येईल.

डावीकडे कललेली पट्टीही काढून पाहिली. मात्रा लोळायला लागल्या. पुढे नेली नाही.

१८ फेब्रुवारी

कामाची वाटणी बदलली. आधी वर्णमालेनुसार वाटलं होतं: क ते ञ एकीकडे, ट ते म दुसरीकडे. त्यामुळे ग आणि प वेगवेगळ्या हातांनी दुरुस्त झाले आणि शेजारी आल्यावर परके दिसले. आता दंडावरून वाटणी. दंड शेवटी असलेली (ग, त, न, प, म, स) एका हातात. दंड मध्ये असलेली क, फ आणि दंडच नसलेली ट, ठ, ड, ढ, द, ह दुसऱ्या हातात. ज्यांचा त्रास सारखा ती अक्षरं एका माणसाकडे. गटानं काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवशी हेच करावं.

बिनदंडाची अक्षरं माझ्याकडे आली. ती शिरोरेषेला आखूड मानेनं लटकतात. आमच्याकडे शिरोरेषेची खालची कड अक्षराच्या पायापासून ६०० युनिटांवर आहे (युनिट म्हणजे फाँटमधलं मोजमाप). ८ अंशांच्या शिअरनं तिथून पायापर्यंत ८४ युनिटांचं डावं सरकणं होतं. ‘प’मध्ये ते दंडाच्या बाजूनं होतं, त्यामुळे कळतही नाही. ‘ठ’मध्ये मान वर राहते आणि गोल डावीकडे निसटतो, शिवाय तो अंड्यासारखा होऊन वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात चिमटतो. उपाय: गोल ४ अंश फिरवायचा, उरलेले ४ अंश शिअर द्यायचा. फिरवल्यानं चिमटा जातो. मान फिरवायची नाही, ती शिरोरेषेपासून नवीन काढायची. शेवटी सगळा गोल १० ते १४ युनिटं उजवीकडे घ्यायचा. ‘ट’ला कमी लागतं, ‘ढ’ला आतल्या गाठीमुळे जास्त.

अनुस्वार आणि नुक्ता गोलच ठेवले. बोल्डमध्ये तिरपा ठिपका फार डोळ्यांत येतो.

३ मार्च

मेगाब्लॉक. डोंबिवली आणि पनवेलची मंडळी दुपारनंतर पोचली, तोवर रोमनचं प्रूफ पाहून झालं. रोमन ठीक चाललंय: एकमजली ए, खाली उतरणारा एफ, अरुंद अक्षरं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते शिकवणारं साहित्य भरपूर आहे.

नंतर जोडाक्षरं उघडली तर ‘क्ष’, ‘त्र’ आणि बरीचशी जोडाक्षरं दुप्पट तिरपी. आमची जोडाक्षरं अर्ध्या अक्षरांचे घटक जोडून बनलेली आहेत. स्क्रिप्टनं मूळ अर्धं अक्षरही शिअर केलं आणि जोडाक्षरातल्या घटकालाही. ८ अंशांचे जवळपास १६ झाले. घटकांचा शिअर काढून फक्त त्यांच्या जागा सरकवल्या की प्रश्न सुटतो. पण तोवर काही जोडाक्षरांचे घटक फोडून हातानं दुरुस्ती झाली होती. ती सगळी परत मागे न्यावी लागली.

ज्याला हे टाळायचं असेल त्यानं शिअर देण्याआधी घटकवाली अक्षरं आणि स्वतंत्र रेखाटलेली अक्षरं वेगळ्या रंगांनी खूण करून ठेवावी.

१७ मार्च

फाइल एकच होती आणि ती ड्राइव्हवर ठेवून आळीपाळीनं उघडत होतो. दोघींनी एकाच संध्याकाळी उघडली, आणि स्पेसिंगवालीचे साइडबेअरिंग (अक्षराच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा) पुसले गेले. आता स्रोत यूएफओत, म्हणजे प्रत्येक ग्लिफची (फाँटमधल्या प्रत्येक आकाराची) वेगळी फाइल, आणि सगळं गिटवर, म्हणजे प्रत्येकाच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रामात. कोणी कोणतं अक्षर घेतलंय ते एका सामाईक तक्त्यात. गिट शिकण्यात वेळ गेला, पण त्यानंतर कोणाचंच काम पुसलं गेलं नाही.

७ एप्रिल

रेग्युलर आणि बोल्ड यांच्या मधलं वजन संगणकाकडून काढून पाहिलं तर ‘ह’ आणि ‘झ’ चुरगळलेले. शिअरनंतर वक्रांचे टोकबिंदू टोकावर राहत नाहीत, म्हणून नवीन बिंदू घालावे लागतात. रेग्युलरमध्ये घातले, बोल्डमध्ये राहिले. दोन मास्टरमधल्या (म्हणजे या दोन मूळ आरेखनांमधल्या) बिंदूंची संख्या आणि क्रम जुळला नाही की मधलं काही निघत नाही. आता नियम असा की बिंदू दोन्ही मास्टर उघडे ठेवूनच घालायचे आणि लगेच मधलं वजन पाहायचं.

बोल्डमध्ये आणखी एक गोष्ट. दंड कलला की शिरोरेषेखाली त्याच्या डाव्या बाजूचा कोपरा ८२ अंशांचा होतो. ‘म’, ‘प’, ‘ष’मध्ये तोच पोटाचा कोपरा. लेझर प्रूफवर ठीक दिसलं. मग झेरॉक्सची झेरॉक्स काढली, तिचीही काढली, आणि तिसऱ्या प्रतीत कोपरे भरून आले. तिथे दंड वरच्या टोकाला आतून ६ युनिटं कोरला. स्वस्त कागदावर छापणाऱ्यांसाठी ही झेरॉक्सची चाचणी फार उपयोगी आहे आणि खर्च चहापेक्षा जास्त नाही.

२८ एप्रिल

स्पेसिंग. सरळ वजनाचं केर्निंग (ठरावीक जोड्यांमधल्या अंतराची दुरुस्ती) बहुतेक तसंच चालतं, कारण शिअरनं दोन अक्षरांमधलं क्षेत्रफळ बदलत नाही. बिघडतं ते शिरोरेषेच्या वर. ‘सर्वांनी’ छापून पाहा. कान्यावर रफार, त्याच्या शेजारी अनुस्वार, आणि पुढच्या ‘नी’ची वेलांटी डावीकडे वळून येते. अनुस्वार उंच, म्हणून तो उजवीकडे जास्त सरकतो. वेलांटीचं टोक शिरोरेषेजवळ, ते जवळजवळ हलत नाही. त्या दोघांतली फट कमी होते आणि बोल्डमध्ये टेकतात. अनुस्वाराचा अँकर (तो जिथे बसतो तो बिंदू) १६ युनिटं डावीकडे घेतला. रफार आणि अनुस्वार एकत्र असलेला ग्लिफ वेगळा काढला.

आमच्या तपासणीच्या यादीत हे शब्द आहेत: सर्वांनी, वर्षांपूर्वी, दऱ्याखोऱ्यांत, कॉफी, ॲड, मूर्ती, श्रीकृष्ण, रुपया, हृदय, उद्ध्वस्त. ‘दऱ्या’मधला अर्धा र मराठीत लागतोच, तो विसरून चालणार नाही. मराठी ल आणि शसाठीचे बदलही तिरप्या फाइलींत जिवंत आहेत का हे पाहावं.

९ जून

इटॅलिक. इथे आम्ही सर्वांत जास्त भांडलो.

माझी आणि दुसऱ्या देवनागरीवालीची ओढ मोडीकडे होती. बोरू न उचलता लिहायची लिपी, आपल्याच मातीतली, आधी शिरोरेषा आखून मग अक्षरं तिला टांगायची. याहून चांगलं मूळ कुठे मिळणार? मोडीच्या वळणावर अ, क, स, ह काढले आणि परिच्छेद लावला. देखणा दिसला. वाचून मात्र कोणालाच दाखवता आला नाही. मोडीतली बरीच अक्षरं देवनागरीहून वेगळी आहेत, आणि मोडी न शिकलेल्याला ती नुसत्या वळणावरून ओळखता येत नाहीत. रोमनवाल्यानं एक गोष्ट पटवून दिली. व्हेनिसमध्ये आल्डस मनुशियसच्या छापखान्यात १५०१ साली इटॅलिकमध्ये पुस्तक छापलं गेलं, तेव्हापासून तिकडच्या वाचकाला आकार बदलला तरी अक्षर तेच, ही सवय आहे. मराठी वाचकाला ती नाही. मराठी वाचकासाठी ओळखीचा आकार ढळू न देता जेवढं वळण आणता येईल तेवढंच आणायचं.

मग हस्ताक्षरांकडे वळलो. घरातली जुनी पत्रं, वह्या, हिशेब मागवले. भराभर लिहिताना लोक शिरोरेषा तोडतात किंवा गाळतातच. तेही करून पाहिलं. प्रत्येक अक्षराची शिरोरेषा आखूड, मध्ये फट. पहिल्याच प्रूफात ‘भार’ आणि ‘मार’, ‘धन’ आणि ‘घन’ यांत गफलत. भ आणि ध ओळखू येतात ते त्यांच्या डोक्यावर शिरोरेषा उघडी असते म्हणून. सगळीकडेच फटी ठेवल्या की ती खूण पुसली जाते. शिरोरेषा अखंड ठेवली आणि भ, धच्या डोक्यावरची फट सरळ वजनापेक्षा थोडी मोठी केली.

३० जून

इटॅलिकमध्ये काय ठेवलं: दंडाच्या आणि कान्याच्या पायाशी उजवीकडे लहानसं वळण. न, म, भ यांच्या गाठी घट्ट बांधण्याऐवजी पोकळ वळशाच्या. ‘ण’चे दोन दंड जवळ. ‘ल’ मराठी, दोन्ही वळसे एका ओघात. ‘झ’ आणि ‘अ’ मराठी वळणाचेच. सगळी रुंदी ऑब्लिकपेक्षा सुमारे ५ टक्के कमी.

पायाच्या वळणानं एक अडचण आणली. कान्यानंतर उकार असलेलं अक्षर आलं (‘राजू’, ‘बापू’) की उकार शिअरमुळे डावीकडे सरकलेला असतो आणि वळण त्याच्याकडे येतं. शेवटच्या अक्षरात वळण पूर्ण, पुढे उकार असेल तर आखूड, असे कान्याचे दोन ग्लिफ केले. शेजारचं अक्षर पाहून आकार बदलण्याचा नियम ओपनटाइप या फाँटच्या प्रकारात लिहिता येतो, त्यात ते घातलं. ही कल्पना स्पेसिंगवालीची.

२१ जुलै

फाइली बाहेर काढताना एकामागून एक अडथळे आले. पुढच्याचा वेळ वाचावा म्हणून नीट लिहिते.

फाँटमध्ये इटॅलिकचा कोन एकच नोंदवता येतो. आमचे दोन: देवनागरी ८, रोमन १०. मजकूर मुख्यतः मराठी, म्हणून ८ लिहिला. रोमनचे साइडबेअरिंग १० अंशांच्या रेघेवर मोजलेले होते, ते पुन्हा तपासले. फाँटच्या फाइलीतल्या ‘पोस्ट’ नावाच्या तक्त्यात उजवीकडे कलणारा कोन उणे लिहितात, म्हणजे −८. आमच्या आरेखनाच्या प्रोग्रामात तो अधिक ८ असतो. आमच्या स्क्रिप्टनं आकडा तसाच उचलला, आणि फाँटबेकरी या फाँट तपासणाऱ्या प्रोग्रामात तो अडकला. कर्सरचा कल वेगळा लिहावा लागतो: चढ १०००, धाव १४१.

दुसरं, ऑफिसच्या प्रोग्रामात इटॅलिकचं बटण दाबलं की आमचं इटॅलिक यायला हवं. त्यासाठी फाँटच्या फाइलीत शैली नोंदवायचे दोन रकाने असतात: ‘एफएस-सिलेक्शन’मधला ० क्रमांकाचा बिट (चालू-बंद खूण) आणि ‘मॅक-स्टाइल’मधला १ क्रमांकाचा बिट दोन्ही चालू लागतात. ऑब्लिकसाठी ‘एफएस-सिलेक्शन’मध्ये ९ क्रमांकाचा बिट आहे, पण एकाच कुटुंबात एका बटणावर दोन तिरपे बसत नाहीत. ऑब्लिकला वेगळं कुटुंबनाव दिलं.

तिसरं, वेबच्या प्रूफ पानावर ऑब्लिक पुन्हा जास्त तिरपं दिसलं. फाँट नोंदवताना शैली लिहायची राहिली होती, त्यामुळे ब्राउझरनं त्याला सरळ समजून वरून स्वतःचा शिअर दिला. सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) कोन न लिहिता ऑब्लिक मागितलं तर १४ अंश धरतात. आमच्या ८ वर ते चढले. फाँट नोंदवतानाच शैली लिहिली आणि कृत्रिम तिरपेपणा बंद केला.

१८ ऑगस्ट

संपादक ताईंकडे दोन्ही जोड्या नेल्या. त्यांनी एक पत्र, एक कविता आणि काही फोटोओळी लावल्या. फोटोओळी ८ पॉइंटात ऑब्लिकमध्ये नीट वाचता येतात. इटॅलिकची पायवळणं तिथे गजबजतात. पत्र मात्र इटॅलिकमध्येच हवं असं त्या म्हणाल्या, आणि कविता दोन्हींत लावून घरी घेऊन गेल्या. मुद्रितशोधक काकांनी ‘उद्ध्वस्त’वर गोल केला. ‘द्ध्व’ची खालची रचना डावीकडे सरकून आधीच्या ‘उ’ला भिडत होती. हा शब्द आमच्याच यादीत होता, पण आम्ही तो फक्त रेग्युलरमध्ये तपासला होता. यादी आता चारही फाइलींवर चालते.

१ सप्टेंबर

खर्च: प्रूफं, झेरॉक्स आणि कागद मिळून आजवर साधारण साडेतीन हजार. सॉफ्टवेअर आमच्याकडे आधीच होतं. सर्वांत जास्त वेळ मात्रा आणि दुप्पट तिरप्या जोडाक्षरांनी खाल्ला, आरेखनाला त्या मानानं कमी लागला.

‘द्ध्व’ दुरुस्त. ऑब्लिकची दोन्ही वजनं अंकासाठी दिली. इटॅलिक बोल्डमध्ये ट्ट, ठ्ठ, ड्ढ ही उभी जोडाक्षरं अजून बाकी आहेत. एकाखाली एक दोन गोल आले की फिरवण्याचे ४ अंश वरच्याला पुरतात, खालच्याला कमी पडतात. पुढच्या रविवारी खालच्याला ५ आणि ६ देऊन पाहणार आहोत.